पुनर्कथन आणि नामोल्लेख: द्रौपदीच्या नोंदीत काय असावे

पौराणिक व्यक्तींवरील कोशनोंदींत मालिका-चित्रपटांना जागा द्यावी की नाही, हा वाद निघाला की दोन निराळ्या गोष्टींची हमखास सरमिसळ होते: पुनर्कथन, म्हणजे मूळ कथा नव्याने सांगणे, आणि नुसता नामोल्लेख. त्यांपैकी नामोल्लेख ओळखणे सोपे आहे. एखाद्या चित्रपटातल्या थट्टेत द्रौपदीचे नाव येते, एखाद्या खाणावळीच्या पाटीवर तिची थाळी येते. त्यातून द्रौपदीविषयी काहीही कळत नाही. नोंदीच्या शेवटी अशा उल्लेखांची जी जंत्री जोडलेली असते, ती सरसकट काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी गफलत पुनर्कथनाबाबत होते, कारण तेथेही ‘जुने ते प्रमाण, नवे ते उथळ’ हीच फूटपट्टी लावली जाते. मयसभेचा प्रसंग पाहा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव हसतात. द्रौपदीही स्त्रियांसह हसली, हे पुढे दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे वाक्य मात्र तेथे द्रौपदीच्या तोंडी नाही. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या मालिकेत ते तिच्या तोंडी आले, घरोघर पोचले, आणि द्यूतसभेतील विटंबना तिने स्वतःच ओढवून घेतली असे मानणाऱ्यांना आयता आधार मिळाला. नोंदीने याविषयी मौन पाळले, तर वाचक आपला गैरसमज तसाच घेऊन परत जातो.

आता मोकळ्या केसांची, म्हणजे सूड पुरा होईपर्यंत केस न बांधण्याची, द्रौपदीची प्रतिज्ञा घ्या. चिकित्सक आवृत्तीत तीही नाही. ती लोकांच्या मनावर ठसवली भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकाने. त्याला नोंदीत स्थान देताना मात्र कोणी का-कू करीत नाही, कारण ते संस्कृतात आहे आणि जुने आहे. कर्णाविषयी द्रौपदीच्या मनात असलेली ओढ सांगणारे आपले जांभूळ आख्यान हे लोककथागीतही याच जातीचे. मालिका, नाटक आणि आख्यान या तिन्ही रचनांनी लोकांच्या मनातली द्रौपदी बदलली, म्हणून तिघींनाही नोंदीत सारखाच हक्क आहे.

मात्र हा मजकूर शेवटच्या अडगळीत जाऊ नये. मयसभेच्या परिच्छेदातच आधी मूळ पाठ द्यावा आणि लगेच पुढे, सालासह, मालिकेतील संवाद.