तयार प्लगइन आणि घडवता येणारे फिल्टर

छायाचित्र-संपादनात फिल्टर म्हणजे चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलवर केलेला हिशेब. एखादा ठिपका उजळायचा, गडद करायचा, शेजाऱ्यांत मिसळायचा की तसाच ठेवायचा, हे त्या हिशेबातून ठरते. असे फिल्टर वापरणाऱ्याच्या हाती दोन रूपांत येतात. तयार प्लगइनमध्ये, म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडायच्या फिल्टरमध्ये, हिशेब बनवणाऱ्याने आधीच बांधलेला असतो आणि वापरणाऱ्यापुढे तीन-चार पट्ट्या (स्लायडर) येतात, त्या कमी-जास्त करायच्या. घडवता येणाऱ्या फिल्टरमध्ये हिशेबच उघडा असतो. त्याचे तुकडे जोडून, तोडून, बदलून आपला फिल्टर आपण बनवायचा आणि कोणत्या पट्ट्या बाहेर दाखवायच्या तेही आपणच ठरवायचे. दोघांची तुलना सहसा इफेक्टच्या संख्येवरून होते. विदर्भात तालुक्याच्या गावी लग्नाचे अल्बम लावणाऱ्या स्टुडिओला मात्र दुसराच प्रश्न रोज पडतो: चेहऱ्यावरचे काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे ठरवणार कोण?

हिशेब कसा चालतो

फोटोशॉपमध्ये ‘कस्टम’ नावाचा एक जुना, साधा फिल्टर आहे. त्यात ५ × ५ म्हणजे २५ चौकटी असतात. मधल्या चौकटीत ५ आणि तिच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे −१ लिहिले की चित्र धारदार होते. समजा मधल्या पिक्सेलची किंमत, म्हणजे त्याच्या उजेडाचा आकडा, १२० आहे आणि चारही शेजाऱ्यांची १००. पाच गुणिले १२० म्हणजे ६००, त्यातून शेजाऱ्यांचे ४०० वजा. उत्तर २००. मघाशी जेमतेम उठून दिसणारा ठिपका आता डोळ्यात भरतो. उलट याच पाच पिक्सेलची सरासरी काढली तर १०४ येतात आणि ठिपका शेजाऱ्यांत विरून जातो. गिऱ्हाईक ‘चेहरा जरा सॉफ्ट करून द्या भाऊ’ म्हणते, तेव्हा मुळाशी हीच सरासरी असते. चांगले प्लगइन तिच्यावर पुष्कळ संस्कार करतात: डोळे, भुवया, केस यांच्या कडा सांभाळतात, त्वचेच्या रंगाचा पट्टा ओळखून तेवढ्याच भागावर चालतात. पण त्वचा कोणती आणि डाग कोणता, याची व्याख्या कुणीतरी लिहावीच लागते.

पूर्वपीठिका

अॅडोबीने फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आणली. मूळ प्रोग्रामला हात न लावता बाहेरचे फिल्टर जोडण्याची सोय त्यात लवकरच रुळली आणि प्लगइनचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. काय क्राउझे यांचे काय्ज पॉवर टूल्स १९९२ चे. एलियन स्किनचे आय कँडी त्याच दशकातले. निक कलेक्शन या प्लगइन-संचाचा प्रवास बोलका आहे: २०१२ मध्ये निक कंपनी गूगलने घेतली, २०१६ मध्ये हे प्लगइन फुकट झाले आणि २०१७ मध्ये डीएक्सओ कंपनीकडे गेले. प्लगइन विकत घेणारा त्याच्या मालकाच्या निर्णयांशीही बांधला जातो, हे त्यातून दिसते. जुन्या ३२-बिट प्लगइनचेही तसेच. ६४-बिट फोटोशॉपमध्ये ते उघडतच नाहीत, म्हणून ज्याच्या हाताला एखादे जुने प्लगइन बसले आहे, त्याला त्यापायी जुनी आवृत्ती सांभाळावी लागते.

स्वतः फिल्टर बनवण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. १९९४ च्या फोटोशॉप ३.० सोबत फिल्टर फॅक्टरी मिळत असे. लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (पारदर्शकता) या चार वाहिन्यांसाठी सूत्रे लिहायची, आठ पट्ट्या जोडायच्या, आणि तयार झालेला फिल्टर प्लगइन म्हणून जतन करायचा. गणिताची भीती असलेल्यांना ते जमले नाही. पुढे फिल्टर फोर्जने सूत्रांच्या जागी खोकी आणि तारा आणल्या: एका खोक्यात मूळ फोटो, दुसऱ्यात धूसरपणा, तिसऱ्यात रंगांची निवड, आणि एकाचे उत्तर तारेने दुसऱ्याला. हा प्रोग्राम स्वतंत्रपणे चालतो आणि फोटोशॉपमध्ये प्लगइन म्हणूनही, त्यामुळे दोन प्रकारांमधली भिंत फार जाड समजू नये. वापरणाऱ्यांनी बनवलेल्या हजारो फिल्टरचा साठा त्याच्यामागे आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जीमिक हे नाव महत्त्वाचे. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेतून ते २००८ मध्ये पुढे आले. ते गिंप या मुक्त चित्र-संपादकात जोडता येते, शेकडो फिल्टर देते आणि फिल्टर लिहिण्यासाठी त्याची स्वतःची स्क्रिप्ट-भाषा आहे. गिंप आणि जीमिक दोन्ही फुकट असल्याने नवीन स्टुडिओ टाकणाऱ्या पोराने सुरुवात इथून करावी, असे या नोंदीचे मत आहे.

मांडव, हळद आणि गोंदण

विदर्भातली बरीचशी लग्ने एप्रिल-मेच्या उन्हात होतात. दुपारचे ऊन मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून येते आणि खाली बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर त्या कापडाचा रंग चढतो. मांडवाच्या कडेला उभा असलेला माणूस तर अर्धा कापडाखाली आणि अर्धा उन्हात असतो. रंगाचा तोल सुधारणारे तयार प्लगइन बहुधा सगळ्या फोटोला एकच मात्रा देते. सावलीतला गाल सुधारला की उन्हातला खांदा निळा पडतो. घडवलेल्या फिल्टरमध्ये आधी उजेडाचा नकाशा काढता येतो आणि लालीची वजाबाकी फक्त गडद भागावर सोडता येते. हेच काम लेयर (चित्रावरचे थर) आणि मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारे झाकण) लावून हातानेही होते, आणि जुने कारागीर करतातही. पण सातशे फोटोंवर ते पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा एकदा बांधून ठेवलेला फिल्टर आणि त्याची एक पट्टी पुरते.

हळदीचे फोटो याहून अवघड. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेची छटा रंगचक्रावर साधारण नारिंगीच्या आसपास येते. मोठा फरक असतो तो उजेड-गडदपणाचा. हळद लागली की छटा पिवळ्याकडे सरकते. मग त्वचा ओळखणारे प्लगइन गोंधळते: हळदीचे पट्टे त्याला त्वचा वाटत नाहीत, मधला मोकळा गाल तेवढा वाटतो, आणि नवरीचा चेहरा कुठे मऊ, कुठे खरखरीत असा ठिगळांचा दिसतो. त्वचेचा पट्टा स्वतः ठरवता आला, तर तो पिवळ्यापर्यंत ताणून हे टळते.

पण दोन प्रकारांतला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो गोंदणावर. गोंड, कोरकू आणि इतरही अनेक समाजांतल्या वयस्क बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असते. आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके सरासरीच्या हिशेबाला मुरुमांच्या काळ्या डागांसारखेच दिसतात. लहान, गडद, भोवतालच्या त्वचेपेक्षा वेगळे; म्हणून पुसायचे. नातीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आजी हनुवटी कोरी घेऊन बसलेली दिसते, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाया पान उलटता उलटता तिथेच थांबतात. यात प्लगइन बिघडलेले नाही, त्याने सांगितलेले काम चोख केले. फक्त ते काम ज्यांनी सांगितले त्यांच्या मनात गोंदण नव्हते.

यावर घडवता येणाऱ्या फिल्टरमध्ये दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली रंगाची: मुरलेले गोंदण निळसर, हिरवट किंवा करडे दिसते, तर मुरुमांचे डाग बहुधा लालसर-तपकिरी असतात. ज्या ठिपक्यांची छटा नारिंगीपासून दूर आहे, त्यांना सरासरीतून वगळावे. दुसरी आकाराची, आणि इथे नवशिके फसतात, कारण फिल्टरला मिलिमीटर कळत नाहीत, पिक्सेल कळतात. जवळून काढलेल्या फोटोत गोंदणाचा जो ठिपका ३० पिक्सेलचा, तोच पन्नास जणांच्या घोळक्यात ३ पिक्सेलचा होतो. म्हणून क्लोजअप आणि ग्रुपफोटो यांच्यासाठी वेगळ्या मात्रा ठेवाव्या लागतात. एवढे करूनही जुने, फिकट गोंदण सावळ्या त्वचेत मिसळून जाते आणि शेवटी ब्रशने हातानेच राखावे लागते. ती पाच मिनिटे द्यावीत.

‘गोरं करून द्या’ ही मागणीही याच चर्चेत येते. चेहरा उजळणारे तयार इफेक्ट एका टिचकीत लागतात, म्हणून न मागताही लागतात. ते नको असतील तर ते नसलेला फिल्टर बांधणे सोपे आहे.

पोत आणि मोठे आकार

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की नाटकांचा हंगाम लागतो आणि वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांची रंगीबेरंगी पोस्टरे गावोगाव झळकतात. आगीच्या ज्वाळा, तडकलेला दगड, सोनेरी अक्षरे हा त्यांचा थाट. तिथे लागणारा पोत फोटोतून घेतला तर मोठा करताना फुटतो. ८ × १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) धरला तरी ६९१२ × ८६४० पिक्सेल होतो. घडवता येणारे फिल्टर पोत सूत्रातून काढतात, त्यामुळे तो लागेल त्या आकारात नव्याने मोजला जातो आणि दगडाची भेग धारदार राहते.

वेळ

इथे तयार प्लगइन पुढे आहे, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. करिझ्मा अल्बमचे १२ × ३६ इंचांचे एक पान ३०० डीपीआयला ३६०० × १०,८०० पिक्सेल भरते, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख. खोकी-तारांचा गुंतागुंतीचा फिल्टर एवढ्या पानावर बराच वेळ घेतो, आणि मध्येच वीज गेली व इन्व्हर्टर थकला तर पुन्हा पहिल्यापासून. लग्नसराईत एका आठवड्यात चार अल्बम लॅबला पाठवायचे असतात तेव्हा वेगवान प्लगइन किंवा साधी रेकॉर्ड केलेली अॅक्शनच (एका टिचकीत पुन्हा चालणारी पायऱ्यांची नोंद) कामी येते. स्वतःचा फिल्टर बांधायचा तो पावसाळ्यात, लग्ने नसताना, गेल्या हंगामाचेच फोटो समोर ठेवून.

हाती आलेल्या फोटोची अडचण

स्टुडिओच्या कामाचा एक हिस्सा तेरवीच्या फोटोंचा असतो. घरातले माणूस गेले की मुले फोनमधला एखादा फोटो घेऊन येतात; चेहरा कापून, मोठा करून, हार घालण्यासाठी चौकटीत बसवून हवा असतो. पुष्कळ फोन फोटो जतन करतानाच चेहरा मऊ करतात, म्हणजे फिल्टर स्टुडिओत येण्याआधीच लागलेला असतो. अशा फाइलमधून पुसलेले गोंदण कोणताही फिल्टर परत आणत नाही, कारण सरासरी काढल्यावर मूळ किंमती उरत नाहीत. तेव्हा घरच्यांकडे मतदान ओळखपत्र, जुना ग्रुपफोटो, लग्नातला अल्बम असे काही मागायचे, ठिपके नेमके कुठे होते ते लेकीला विचारायचे आणि तिला शेजारी बसवून ते एकेक करून परत ठेवायचे.