झेडपी शाळेचा पैसा : समितीत कसं यायचं, आराखडा कधी द्यायचा, हिशोब कसा मागायचा

जूनच्या पालकसभेत कुणीतरी उठून विचारतंच, "वर्गखोली गळतेय, त्याचे पैसे आले का?" प्रश्न रास्त असतो, वेळ मात्र चुकलेली. खोलीची मागणी दिवाळीनंतर कागदावर चढवावी लागते. जूनमध्ये मागायचा असतो तो हिशोब.

हे ठरतं शाळा व्यवस्थापन समितीत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि त्याच्या कलम 21 ने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांना ही समिती सक्तीची केली. खाजगी अनुदानित शाळेत ती सल्ल्यापुरती असते. विनाअनुदानित शाळेत नसतेच, तेव्हा त्या पालकांनी पुढचं वाचून फारसा उपयोग नाही.

सदस्य 12 ते 16. त्यातले निदान पाऊण पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे 12 जणांच्या समितीत 9 पालक, 6 बाया. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक आणि पालकसभेने निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ, हे उरलेले. अध्यक्ष पालकच होतो, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनते.

पात्रता एवढीच, की मूल त्या शाळेच्या पटावर हवं. शिकलेलं असण्याची अट नाही. छापील अर्जही नाही. पालकसभेत कुणीतरी नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. त्यामुळे त्या सभेला हजर राहणं हाच खरा अर्ज. सभा कधी आहे ते मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवा, नाहीतर भिंतीवर नावं रंगवून झाल्यावर कळतं.

आता आराखडा. कलम 22 प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकार किंवा जिल्हा परिषद जे अनुदान देईल त्याचा आधार तोच. तो तीन वर्षांचा, आत दर वर्षाचा वेगळा भाग. प्रत्येक वर्गात किती मुलं येतील, शिक्षक किती कमी पडतात, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांत काय हवं, त्याला वर्षागणिक किती पैसे लागतील, हे सगळं त्यात येतं. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांनी आर्थिक वर्ष संपायच्या आत तो वर जायला हवा. डिसेंबरच्या मासिक बैठकीत मसुदा समोर नसेल, तर मार्चमध्ये मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून जातो. सोबत जोडायला पटाचा तक्ता, समितीच्या ठरावाची प्रत, गळक्या छताचे फोटो आणि जमल्यास कामाचा अंदाजखर्च ठेवा. मागणी लिहिताना "शाळा सुधारावी" असं मोघम नको; "मुलींच्या स्वच्छतागृहाला नळ आणि दाराला कडी" असं लिहा.

नियमित हातात येणारा पैसा म्हणजे 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. निकषानुसार 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, 1000 पर्यंत 75,000, त्यापुढे 1 लाख. पट 100 आणि 101 यात एका मुलाचा फरक, अनुदानात दुपटीचा! म्हणून युडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेला आकडा समितीने स्वतः मोजून पाहावा. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. 86 मुलांच्या शाळेला याचे वर्षाला 25,000, म्हणजे महिन्याला जेमतेम 2,083. वीजबिल, खडू आणि एखादी दुरुस्ती झाली की संपलं. वर्गखोली यातून होत नाही, हे गावाला एकदा नीट सांगून टाकावं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आहे; शाळेचा ठराव घेऊन 2 ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभेत बसा.

हिशोबाचं म्हणाल तर अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्यातलंच काम आहे. बैठकीत कॅशबुक, व्हाउचर आणि साठा नोंदवही मागा. तीन झाडू आणल्याचं बिल असेल तर साठ्यात तीन झाडू दिसायला हवेत. मी सदस्य असताना एकदा चहा थंड होतोय म्हणून आम्ही सगळ्यांनी इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर सह्या केल्या. पुढच्या बैठकीत त्या पानावर आम्ही कधी न घेतलेला ठराव वाचायला मिळाला. तेव्हापासून शेवटच्या ओळीखाली रेघ मारल्याशिवाय माझी सही होत नाही.

सदस्य नसाल तर माहिती अधिकार आहेच. साध्या कागदावर जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्याप्रमाणे अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांत. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, शुल्क लागत नाही. "अमुक वर्षाच्या संयुक्त अनुदानाच्या कॅशबुकची व व्हाउचरची प्रत" एवढं लिहिलं तरी पुरे. कारण सांगावं लागत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच 5 दिवसांत योग्य जागी पाठवायचं असतं. उत्तर 30 दिवसांत, प्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. स्वच्छतागृह बंद, शिक्षक नाही अशा मुलांच्या हक्काच्या तक्रारींचा रस्ता वेगळा आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, तिचा निकाल तीन महिन्यांत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.