शेपिंग : कॉम्प्युटरवरचं प्रात्यक्षिक
हवं ते वर्तन आपोआप घडायची वाट बघत न बसता, त्याच्या जवळ जाणाऱ्या बारीकसारीक हालचालींना बक्षीस देत आणि मागच्या पायरीचं बक्षीस बंद करत प्राण्याला तिथवर नेणं म्हणजे शेपिंग. साधक अभिसंधानातला (वर्तनाच्या परिणामावरून, म्हणजे बक्षीस-शिक्षेवरून, शिकण्यातला) हा भाग मानसशास्त्राच्या पोरांना ऐकून माहीत असतोच.

पद्धत कधी सापडली यावर मात्र एकमत नाही. काहीजण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्लायनी नावाच्या उंदरापासून धरतात, साखळी ओढून गोटी मिळवून ती नळीत टाकणारा, 1937 ला लाइफ मासिकात आलेला. पण तिथं टप्प्याटप्प्यानं बदलत होतं ते जास्त करून उपकरण, हातानं बक्षीस द्यायची अट नव्हे. 1943 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या पिठाच्या गिरणीत, कबुतरांकडून बॉम्ब नेमका वळवून घ्यायचं युद्धकाळातलं काम चालू असताना, स्किनर आणि त्याचे सहकारी केलर ब्रेलंड, नॉर्मन गटमन यांनी कबुतराला लाकडी चेंडू चोचीनं उडवायला शिकवायचं ठरवलं, कबुतर काही केल्या करेना, मग नुसतं चेंडूकडे बघितलं तरी हातातल्या स्विचनं दाणे द्यायला लागले आणि थोड्याच मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटायला लागला. मानसशास्त्रज्ञ गेल पीटरसन यांनी 2004 च्या लेखात खरा शोध हाच मानलाय, आणि ते जास्त पटतं.

कॉम्प्युटरवर अनेक ठिकाणी टोरांटोच्या प्राध्यापकांनी बनवलेला 'स्निफी' हा पडद्यावरचा आभासी उंदीर दाखवतात. 'सायबररॅट' या दुसऱ्या प्रोग्राममध्ये खऱ्या उंदरांच्या व्हिडिओ क्लिप असतात. स्निफीला आधी खाणं पडल्याचा आवाज आणि खाणं यांची सांगड घालून द्यायची, मग मागच्या पायांवर उभं राहिला की खाणं, मग पेटीतल्या दांडीजवळ उभा राहिला तरच, शेवटी दांडी दाबली तरच. खाणं द्यायचं क्लिक उशिरा झालं की उंदीर अंग चाटत असतानाच बक्षीस मिळतं आणि तेच वाढतं, हे पुस्तकातून कधी डोक्यात शिरत नाही. स्निफीचं पोट मात्र कधी भरत नाही, खरा उंदीर असा नसतो.

सातारा-सांगलीकडं स्क्रीन इंग्रजी आणि समजावणं मराठी असंच चालतं, उदाहरण हमखास खोंड औताला शिकवायचं. ते तसं काटेकोर नाही, कारण तिथं शेजारी जुना बैल जुंपलेला असतो आणि चाबूकही असतो, नुसतं बक्षीस नसतं. लाइट गेली तर कॉम्प्युटरशिवाय हाच खेळ करायचा : उंदराच्या जागी एकाला वर्गाबाहेर काढून बाकीच्यांनी एखादी कृती ठरवायची आणि तो आत येऊन तिच्या जवळ गेला की बक्षीस म्हणून एकानंच टाळी वाजवायची, सगळ्यांनी वाजवली की वेळ चुकते.