मांजराच्या माथी मारलेले अर्थ

१८९० साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात इजिप्तहून एक विचित्र माल उतरला. सुमारे १९ टन ममी, आणि त्याही मांजरांच्या. बेनी हसन गावाजवळ जमीन खणताना सापडलेल्या या ममींची संख्या १,८०,००० च्या आसपास असावी, असा तेव्हाचा अंदाज होता. मालाचा रीतसर लिलाव झाला, बहुतेक ममी दळल्या गेल्या आणि ती भुकटी खत म्हणून शेतात पडली. काही मोजक्या मात्र संग्रहालयांत पोचल्या आणि पुढे क्ष-किरणांखाली आल्या, म्हणून त्यांची खरी हकीकत आपल्याला कळते.

प्राचीन इजिप्तमध्ये मांजर पूज्य होतं, हे शाळेपासून आपण ऐकत आलोय. ते खोटंही नाही. बास्टेट ही देवी आधी सिंहमुखी होती, नंतरच्या काळात तिला मांजराचं रूप आलं आणि बुबास्टिस हे तिचं मोठं क्षेत्र झालं. घरातलं मांजर नैसर्गिक मरणाने गेलं की घरचे लोक भुवया काढून टाकतात, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवीसनपूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवलंय. पुढे चारशे वर्षांनी इजिप्तला गेलेल्या डायोडोरस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने तर चुकून मांजर मारणाऱ्या एका रोमन माणसाला जमावाने कसं संपवलं, ते स्वतः पाहिल्याचं सांगितलं आहे. राजाचे अधिकारी मध्ये पडले, रोमची भीती होती, तरी तो वाचला नाही.

आता क्ष-किरणांकडे वळू. ममीतली बरीच मांजरं वर्षाच्या आतली निघाली, आणि अनेकांच्या माना मुरगळलेल्या. म्हणजे देवीला वाहण्यासाठी मांजरं मुद्दाम वाढवली जात, मारली जात आणि गुंडाळून भाविकांना विकली जात. मँचेस्टरच्या संशोधकांनी आठशेच्या आसपास प्राण्यांच्या ममी तपासल्या, तेव्हा जवळपास एक तृतीयांश ममींमध्ये प्राण्याचा अवशेषच नव्हता; होत्या त्या चिखल, काटक्या, चिंध्या. रस्त्यावर मांजर मारणाऱ्याचा जीव घेणारा समाज मंदिराच्या आवारात मांजरांच्या माना मोडत होता, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती. मला वाटतं, मांजर आणि माणूस यांच्या नात्याचा अभ्यास इथूनच सुरू करावा. मांजराचा अर्थ फारसा मांजराकडून आलेला नाही. तो आपण लावलाय, आणि गरजेप्रमाणे बदललाय.

प्राणी मात्र फारसा बदललेला नाही. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात राहणारं रानमांजर, ‘फेलिस लायबिका’. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, त्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आलं. ते माणसाळलं पश्चिम आशियात की उत्तर आफ्रिकेत, याबद्दल जनुकशास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. माणसापासून अवघ्या चाळीस सेंटिमीटरवर जेमतेम आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं. त्या बेटावर मांजराची मूळची जात नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून आणलं असणार. चीनमध्ये ५,३०० वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत मिळालेली मांजराची हाडं आधी याच जातीची वाटली होती; नीट मोजमाप केल्यावर ती बिबट्यासारखे ठिपके असणाऱ्या वेगळ्याच लहान आशियाई रानमांजराची ठरली. म्हणजे धान्याच्या कोठारापाशी मांजराशी जवळीक एकापेक्षा जास्त वेळा जुळली. त्यातली एकच टिकली.

कुत्रा, घोडा, मेंढी हे मुळात कळपात राहणारे प्राणी. त्यांच्यातल्या वरिष्ठाची जागा माणसाने घेतली. मांजराच्या पूर्वजाला वरिष्ठ नव्हताच. तो एकट्याने शिकार करायचा, स्वतःची हद्द राखायचा. हजारो वर्षं माणसाने त्याची वीणही निवडली नाही. आज दिसणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या. या अर्धवट माणसाळलेपणामुळेच बाकीचे अर्थ चिकटायला जागा मिळाली. घरात असून घरचं नसलेलं असं दुसरं जनावर कुठलं?

मध्ययुगीन युरोपबद्दल एक गोष्ट फार फिरते. पोप नववे ग्रेगरी यांनी काळी मांजरं सैतानाची ठरवली, मग मांजरांची कत्तल झाली, उंदीर माजले आणि प्लेग आला. ऐकायला इतकी नीटनेटकी आहे की संशय यायलाच हवा. १२३३ सालचं पोपचं पत्र खरं आहे. जर्मनीतल्या पाखंडी मंडळींच्या कथित गुप्त विधीचं त्यात वर्णन आहे आणि त्यात एक काळं मांजरही येतं. पण मांजरं मारा असा हुकूम त्यात नाही. युरोपात प्लेग आला १३४७ मध्ये, म्हणजे शतकभर उलटून गेल्यावर. तो कैरो आणि दमास्कसमध्येही तितकाच भयंकर होता, जिथे मांजरांचं कुणी वावडं मानत नव्हतं. शिवाय मांजराला स्वतःलाच प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला लागूही शकतो. भरीला, त्याच काळात इंग्लंडमधल्या एक्सिटर कॅथेड्रलच्या हिशेबवह्यांत मांजराच्या पोटापाण्याचा खर्च नियमित मांडलेला आहे. मांजर त्या चर्चच्या पगारावर होतं म्हणा ना.

याचा अर्थ युरोपने मांजरांना छळलं नाही असा नव्हे. बेल्जियममधल्या ईपर शहरात घंटाघराच्या मनोऱ्यावरून जिवंत मांजरं खाली फेकण्याची प्रथा होती. ती शेवटची १८१७ मध्ये पाळली गेली. आज तिथे त्याच नावाने उत्सव भरतो आणि वरून कापडी मांजरं टाकतात. पॅरिसमध्ये सेंट जॉनच्या सणाला होळीत मांजरं जाळत. क्रौर्य होतंच, पण ते एका पोपच्या पत्रातून निघालेलं नव्हतं.

काळ्या मांजराचंच पाहा. युरोपातल्या बऱ्याच देशांत आणि अमेरिकेत ते अपशकुनी, ब्रिटनच्या अनेक भागांत मात्र शुभ. जपानचे सम्राट उदा यांनी इसवी सन ८८९ मध्ये आपल्या काळ्या मांजराबद्दल रोजनिशीत कौतुकाने लिहिलंय. प्रयोगशाळेत पाहिलं तर हा काळा रंग म्हणजे एका जनुकातला छोटासा तुकडा गळाल्याचा परिणाम. केसावर फिकट-गडद पट्टे उमटवणारी यंत्रणा बंद पडते आणि केस टोकापासून मुळापर्यंत काळा होतो. नारिंगी रंगामागचा बदल २०२५ मध्ये पक्का झाला; तो एक्स गुणसूत्रावर आहे. मादीत एक्स गुणसूत्रं दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एक निद्रिस्त, त्यामुळे अंगावर कुठे काळा तर कुठे नारिंगी रंग उमटू शकतो; नरात एक्स एकच. म्हणून काळा-नारिंगी-पांढरा असा तिरंगी अंगरखा जवळपास नेहमी मादीच्याच वाट्याला येतो. तिरंगी बोका क्वचित जन्मतो, बहुधा एक जास्तीचं एक्स गुणसूत्र घेऊन. जपानी खलाशांना असा बोका जहाजावर हवा असे. तो वादळापासून वाचवतो अशी समजूत. दुर्मीळ म्हणून भाग्यवान.

महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधनाने उलूकाकरवी पांडवांना पाठवलेल्या निरोपात मांजराची एक कथा आहे. गंगाकाठी हात वर करून तप करणारं मांजर. उंदीर विश्वासाने जवळ येतात आणि एकेक करून नाहीसे होतात. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात एका पायावर उभं असलेलं तपस्वी मांजर आणि भोवतीचे उंदीर आजही दिसतात. ढोंगाची प्रतिमा म्हणून याहून चपखल प्राणी सापडला नसता, आणि निरीक्षण तर अचूक आहे. मांजर लांब पाठलाग करणारं नाही. दबा धरायचा, निश्चल राहायचं, अंतर जोखायचं आणि झेप घ्यायची, ही त्याची रीत.

ते डोळेही याच कामासाठी घडलेले. २०१५ मध्ये २१४ स्थलचर प्राण्यांची तुलना झाली, तेव्हा उभ्या फटीसारखी बाहुली ही मुख्यतः जमिनीलगत दबा धरणाऱ्या शिकाऱ्यांची खूण असल्याचं दिसलं. अशी बाहुली अंतराचा अंदाज घ्यायला मदत करते आणि उजेडाप्रमाणे प्रचंड आकुंचन-प्रसरण पावते. माणसाची बाहुली साधारण पंधरा पट बदलते, मांजराची १३५ पट. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे ‘टॅपेटम लुसिडम’ नावाचा परावर्तक थर असतो. निसटलेला प्रकाश तो पुन्हा संवेदनशील पेशींवर पाठवतो. मिट्ट काळोखात हे डोळे मुळीच चमकत नाहीत. कुठून तरी थोडा उजेड यावा लागतो. कंदील घेऊन निघालेल्या माणसालाच ते चमकताना दिसायचे, आणि भूत मात्र मांजराच्या अंगात.

आधुनिक काळात मांजराला नवी भूमिका मिळाली: पर्यावरणाचा गुन्हेगार. यात पुरावा भक्कम आहे. २०१३ च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यात मालक नसलेल्या मांजरांचा वाटा मोठा. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरचा न उडणारा इवलासा रेन पक्षी १८९४ मध्ये विज्ञानाला कळला आणि लगेचच संपला. दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकाच मांजराने अख्खी प्रजाती संपवली, ही दंतकथा. त्या बेटावर तेव्हा बरीच रानटी झालेली मांजरं होती. एक खलनायक असला की गोष्ट बरी रंगते. ऑस्ट्रेलियाने तर २०१५ मध्ये पाच वर्षांत वीस लाख रानटी मांजरं मारण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं.

ऑस्ट्रेलियाच्याच दूर दक्षिणेकडच्या मॅक्वारी बेटावरून २००० साली शेवटची मांजरं हटवली गेली, समुद्रपक्षी वाचावेत म्हणून. मग ससे बेसुमार वाढले आणि त्यांनी उतारांवरची हिरवळ ओरबाडून काढली. सशांना आवरणारा रोगही तेव्हा निष्प्रभ होत चालला होता, त्यामुळे दोष एकट्या मांजरमुक्तीचा किती यावर तज्ज्ञ भांडले. ससे आणि उंदीर काढायला आणखी चौदा वर्षं लागली.

उलट ज्या कामासाठी आपण मांजराला घरात घेतलं, त्यात त्याची कीर्ती जरा फुगवलेलीच आहे. न्यूयॉर्कच्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मांजरांनी घुशीएवढे उंदीर मारले ते एकूण दोन. उंदीर मांजरांपासून लपू लागले, म्हणून ते कमी झाल्यासारखे वाटले, इतकंच. छोटं सावज मिळत असताना दात-नखांनी लढणाऱ्या दांडग्या उंदराच्या वाटेला मांजर कशाला जाईल?

मांजर आपल्याला वापरतं तेही पाहण्यासारखं आहे. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव करतात. पिल्लाने आईला हाक मारायची ही भाषा आपल्यासमोर आयुष्यभर चालू राहते. २००९ मध्ये ससेक्स विद्यापीठात खाणं मागतानाची घुरघुर तपासली गेली. नेहमीच्या खर्जातल्या घुरघुरीत तेव्हा एक वरच्या पट्टीतला रडका सूर मिसळलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही तो आवाज निकडीचा आणि दुर्लक्ष न करता येण्याजोगा वाटला. मात्र मांजर फक्त मतलबी, हाही आपणच चिकटवलेला शिक्का. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बाळं आणि आया यांच्यासाठीची जुनी चाचणी मांजरांवर केली, तेव्हा सुमारे ६४ टक्के पिल्लांनी माणसाशी निर्धास्त जवळीक दाखवली. मानवी बाळांतही प्रमाण जवळपास तेवढंच असतं.

मग आपल्याला मांजर कितपत कळतं? २०१९ मध्ये ८५ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांना मांजराच्या चेहऱ्याच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, हे खुशीत आहे की त्रासलेलं? वीसपैकी सरासरी बारा उत्तरंही धड बरोबर आली नाहीत. डोळे मिटून ठोकून दिली असती तरी दहा आली असती. पशुवैद्यकात काम करणारे जरा सरस ठरले, आणि बायका पुरुषांपेक्षा थोड्या. घरात मांजर असण्या-नसण्याने फरक पडला नाही.