गाणं जुनं म्हणून नव्हे

‘तेव्हाची गाणीच सोन्यासारखी, म्हणून ती ऐकली की तरुणपण आठवतं,’ असं गिरगावातल्या चाळीपासून विरार लोकलपर्यंत सगळे म्हणतात. खरं कारण गाण्यात कमी, आपल्या वयात जास्त आहे. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी उतारवयातही सर्वांत ठळक राहतात, हे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं, सगळं तेव्हाच घडतं आणि त्या वेळी कानावर पडणारं गाणं त्याला कायमचं चिकटतं. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीने माझ्या आईला जे दिलं, तेच माझ्या भाचीला आजची गाणी देतील. तिच्या गाण्यांना नावं ठेवू नका, अगदी कळकळीने सांगते.