सात आडनावांचं बेट

दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान द कून्या बेटाला सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, आणि तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने आठवडाभर जायचं. समुद्र खवळला असेल तर पोचूनही उतरता येत नाही.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, २,०६२ मीटर उंच. बहुतेक बाजूंनी कडे सरळ पाण्यात उतरतात. वायव्येला जेमतेम एक सपाट पट्टी आहे, तिथे अडीचशेच्या आत माणसं राहतात. शेती बटाट्याची. १९४६ साली छापलेल्या टपाल तिकिटावर किंमतही बटाट्यांत होती: एक पेनी, म्हणजे चार बटाटे!

१५०६ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्याच्या प्रमुखाचं नाव या बेटाला मिळालं. पुढे गोवा घेणारा अल्बुकर्क याच ताफ्यात होता, आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली ती या प्रमुखाच्या मुलाच्या, नुनोच्या, कारकिर्दीत. वस्ती मात्र नेपोलियनमुळे झाली. सेंट हेलेनावरून त्याला सोडवायला कुणी इथे तळ ठोकू नये, म्हणून १८१६ मध्ये ब्रिटिशांनी तुकडी धाडली. ती वर्षभरात परतली; विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला. मग खलाशी आले, १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून बायका आल्या, १८९२ मध्ये फुटलेल्या जहाजावरचे दोन इटालियन इथेच रमले. बराच काळ बेटावर सातच आडनावं होती.

जनुकशास्त्राला रस आहे तो इथेच. मूळ माणसं मोजकी असली की त्यांच्यातल्या एखाद-दोघांची जनुकीय खोड योगायोगानेच पुढच्या पिढ्यांत भरमसाट पसरते. याला 'संस्थापक परिणाम' म्हणतात. ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीलगत ज्वालामुखी फुटला, सगळ्यांना इंग्लंडला हलवलं. तिथे डॉक्टरांनी तपासलं तेव्हा दम्याचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं निघालं. पुढे टोरांटोच्या संशोधकांनी बेटावर जाऊन रक्ताचे नमुने घेतले, वंशावळी जुळवल्या. दम्याशी संबंध असावा असे काही जनुक हाती लागले, पण दम्याचं सगळं खापर एकाच जनुकावर फोडता आलं नाही. हा आजार अनेक जनुक आणि परिस्थिती मिळून घडवतात.

इंग्लंडात नोकऱ्या होत्या, वीज होती, दुकानं होती. तरी १९६२ मध्ये मतदान घेतलं तेव्हा परतायच्या बाजूने १४८ मतं पडली, विरोधात पाच.