पडून मोडलेला दस्ता आणि धक्क्याने फाटलेला दस्ता

रायफलच्या लाकडी दस्त्याला मुठीजवळ चीर गेली की बहुतेक जण लगेच विचारतात, चिकटवू की नवा घेऊ? त्याआधी ही चीर कशाने गेली हे ओळखायला हवं. दस्त्याच्या त्याच निमुळत्या भागात, दिसायला सारख्याच अशा दोन चिरा जातात. एक रायफल हातातून निसटून किंवा झाडावरच्या मचाणावरून पडून. दुसरी गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याने. पहिली नीट चिकटवली की प्रश्न मिटतो. दुसरी कितीही सुबक चिकटवली तरी काही गोळ्यांनंतर पुन्हा उघडते, कारण तिला उघडणारा धक्का दर गोळीला तिथेच बसत राहतो. या फरकाकडे लक्ष न दिल्यामुळे कितीतरी चांगले दस्ते फुकट जातात आणि त्यांच्या जागी आलेले नवे दस्तेही त्याच जागी फाटतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची रायफल हा घरगुती विषय राहिला नाही. मी लिहितो आहे ते अमेरिकेतल्या साध्या, कमी किमतीच्या बोल्ट-ॲक्शन (बोल्ट नावाचा दांडा हाताने मागेपुढे करून गोळी भरायच्या) रायफलींबद्दल: जुनी सॅव्हेज 110, दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात विकलेल्या लष्करी माउझरपासून घडवलेल्या शिकारी रायफली. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, टेक्सासमध्ये हरणांच्या हंगामात अशा रायफली घरोघरी बाहेर निघतात. त्यातल्या नव्या, स्वस्त दस्त्यांचं लाकूड बऱ्याचदा अक्रोडाच्या रंगात रंगवलेलं बर्च किंवा बीच असतं. लाकूड वाईट नसतं, पण मुठीतून तंतू सरळ जावेत म्हणून फळी निवडून घेण्याइतका खर्च त्या किमतीत बसत नाही.

आता पडून मोडलेला दस्ता. मूठ हा दस्त्याचा सर्वांत बारीक भाग, आणि तिथे तंतू तिरके बाहेर पडत असतील तर लाकूड त्या तिरप्या रेषेवरूनच तुटतं. चीर बाजूने जाते, तिरकी असते, तिच्या कडा ताज्या आणि टोकदार असतात, आत तुसं उभी दिसतात. ती बहुधा लोखंडाच्या, म्हणजे नळी आणि यंत्रणेच्या, खोबणीपासून सुरू झालेली नसते. अशा मोडीला मी नेहमी दुरुस्तीच सुचवेन, दस्त्याचे अगदी दोन तुकडे झाले असले तरी. तुसं जागच्या जागी असतील तर दोन भाग एकमेकांत इतके चपखल बसतात की कोणत्याही सुताराला मुद्दाम तसा सांधा करता येणार नाही. म्हणून तुटलेले पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासू नयेत आणि तुकडे पुन्हा पुन्हा जोडून बघू नयेत. प्रत्येक वेळी काही तुसं मोडतात.

काम सुरू करण्याआधी रायफल रिकामी असल्याची खात्री, बोल्ट बाहेर, आणि सगळं लोखंड दस्त्यातून वेगळं. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी टाळावं. सावकाश, चोवीस तासांत पक्कं होणारं घ्यावं, ते तंतूंमध्ये उतरायला वेळ मिळतो. हेअर ड्रायरने थोडं गरम केलं की पातळ होऊन चिरेच्या टोकापर्यंत जातं. मुठीचा आकार गोल आणि वाकडा असल्याने लोखंडी क्लॅम्प घसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळली तर सगळीकडून सारखा दाब बसतो. पक्कं झाल्यावर चिरेला आडवी जाणारी पितळी सळई बसवावी, आटे असलेली, सुमारे तीन मिलिमीटर जाडीची. लोखंड बसतं त्या खोबणीच्या आतूनच भोक पाडलं तर बाहेरून काही दिसत नाही. पातळ सुपरग्लू लोक वापरतात, पण तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि धक्का सोसत नाही. मुठीत तो घालू नये असं माझं ठाम मत आहे.

धक्क्याने फाटलेल्या दस्त्याची गोष्ट लाकडातून नाही, लोखंडातून सुरू होते. गोळी पुढे सुटते तेव्हा नळी आणि रिसीव्हर (नळीच्या मागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) मागे ढकलले जातात. .30-06 सारख्या काडतुसाला साधारण आठ पाउंडांच्या रायफलमध्ये ही ऊर्जा ढोबळमानाने वीस फूट-पाउंड असते. ती लाकडाला देण्यासाठी रिसीव्हरच्या पुढच्या टोकाखाली एक जाड लोखंडी आड असते, तिला रिकॉइल लग म्हणतात. माउझरमध्ये ती रिसीव्हरचाच भाग आहे. 1958 ची सॅव्हेज 110 आणि 1962 ची रेमिंग्टन 700 यांच्यात ती नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आवळलेली जाड चकती आहे. लगची मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकलेली असेल तर धक्का त्या रुंद भिंतीत जातो.

लगच्या मागे अर्धा मिलिमीटर जरी फट राहिली, किंवा लाकूड वर्षानुवर्षे दबून ती तयार झाली, तर सगळा रिसीव्हर मागे सरकतो आणि त्याची शेपटी, जिला टँग म्हणतात, ती मुठीच्या लाकडावर आदळते. टँग अरुंद असते आणि तिचं टोक गोलसर निमुळतं असतं. ओंडका फोडताना पाचर तंतूंच्या दिशेने ठोकतात, तसंच काम ती दर गोळीला करते. वर्षभर कपाटात नळी वर करून उभ्या ठेवलेल्या रायफलीत बोल्टला लावलेलं तेल याच जागी झिरपतं आणि लाकूड आणखी मऊ करतं. तेल भरपूर वापरायची सवय असेल तर रायफल नळी खाली करून ठेवावी, किंवा निदान आडवी.

हा दोष स्वस्त रायफलींपुरता नाही. लष्करी माउझरच्या दस्त्यात लगच्या मागे आडवा पोलादी बोल्ट याचसाठी घातलेला असे. आपल्याकडे महाराष्ट्र पोलिसांच्या हातात कित्येक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड, तिलाही हाच त्रास होता. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने तिच्या पुढच्या लाकडात, ते फाटू नये म्हणून, आडवा स्क्रू बसवला. अमेरिकेतले संग्राहक आजही त्याला इशापूर स्क्रू म्हणून ओळखतात. शिवाय त्या रायफलीचा मागचा दस्ता वेगळा, लांब बोल्टने आवळलेला असतो. तो पडून मोडला तर तेवढाच बदलता येतो, पुढच्या लाकडाला हात लावावा लागत नाही.

मग ओळखायचं कसं? लोखंड बाहेर काढून टँगच्या खोबणीचं मागचं टोक उजेडात बघा. चीर बरोबर तिथून निघून मधोमध सरळ मागे जात असेल, टोकाला लाकूड चकचकीत दबलेलं असेल, चिरेच्या कडा तेलाने काळ्या पडल्या असतील, तर ती धक्क्याचीच. कडा काळ्या असणं म्हणजे ती बऱ्याच दिवसांपासून आहे. पडल्यानंतर ती पहिल्यांदा दिसली एवढंच. इथेच सर्वांत जास्त फसगत होते: रायफल पडते, मालक चीर बघतो, आणि पडल्यामुळेच गेली असं धरून चालतो. रिसीव्हर परत बसवून, त्याला दस्त्याशी आवळणाऱ्या स्क्रूंपैकी एक सैल करताना तो दस्त्यातून वर उचलला जात असेल, तर खालचा आधारही सपाट नाही असं समजावं.

या चिरेला नुसता गोंद पुरत नाही. आधी तेल काढावं लागतं, कारण तेलकट लाकडाला कोणतंही इपॉक्सी धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून चिरेवर लेप द्यावा, वाळला की झटकून पुन्हा लावावा. पूड पिवळी व्हायची थांबेपर्यंत हे करावं, उघड्या हवेत आणि आगीपासून लांब. मग चीर चिकटवून आडवी सळई, वर सांगितल्याप्रमाणे. आणि मग खरं काम: टँगच्या मागे पटाशीने साधारण एक मिलिमीटर फट मोकळी करायची आणि लगच्या मागे बेडिंग करायचं. म्हणजे लगच्या खोबणीत ब्राउनेल्सच्या ॲक्राग्लाससारखं इपॉक्सी भरून, लोखंडाला मेण चोपडून, ते त्यात बसवायचं, की लगची मागची बाजू पूर्ण टेकेल. लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली मात्र टेपचा थर द्यावा, तिथे जागा मोकळी राहिली पाहिजे. मेण विसरलं तर रायफल आणि दस्ता कायमचे एक होतात.

टँगच्या खालची गोष्ट मॉडेलवर अवलंबून असते. रेमिंग्टन 700 मध्ये मागचा स्क्रू टँगमधूनच जातो, त्यामुळे तिला खालून भक्कम आधार हवा. सॅव्हेज 110 मध्ये मागचा स्क्रू ट्रिगरच्या पुढे असतो, म्हणून तिची टँग खालूनही आणि मागूनही मोकळीच ठेवावी.

दस्ता बदलायचा केव्हा? लाकूड तेलाने इतकं कुजकं झालं असेल की नखाने दबतं, किंवा मोडीतले ढलपे हरवले असतील, तर. प्लॅस्टिकच्या दस्त्यालाही दुरुस्तीचा मार्ग जवळजवळ नाही. साच्यात ओतलेल्या काही स्वस्त दस्त्यांचं पॉलिप्रॉपिलीन इपॉक्सीला धरूच देत नाही, आणि मुठीत तुटलेल्या दस्त्यावर खांदा टेकवून गोळी झाडणं धोक्याचं आहे. बर्चचे पातळ थर राळेने चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता, साउथ डकोटातल्या मिचेल गावच्या बॉइड्सकडे मिळतो तसा, घेता येतो. तो जड असतो, पण तंतू एका दिशेने फुटत नाहीत. अमेरिकी कायद्यात अनुक्रमांक रिसीव्हरला असतो, म्हणून दस्ता टपालाने मागवता येतो.

मागवण्याआधी दोन स्क्रूंमधलं अंतर मोजावं. सॅव्हेज 110 च्या कुळातच वर्ष आणि मॅगझिननुसार ते बदललं आहे. सॅव्हेजचीच ॲक्सिस तर वेगळीच: तिची लग रिसीव्हरवर नसून दस्त्यात बसवलेली पोलादी पट्टी असते. जुन्या दस्त्यातून ती काढून नव्यात घालायची राहिली, तर नवा दस्ता लवकरच फाटतो. नवा दस्ता लगेच बसेल असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी टँगच्या मागची फट आणि लगचा टेक स्वतः तपासावा.

दोन्ही प्रकारांत स्क्रू टॉर्क रेंचने आवळावेत, लाकडाला 35 ते 40 इंच-पाउंड पुरतात. पहिल्या दहा गोळ्यांनंतर पुन्हा आवळून बघावेत, लोखंड काढून टँगच्या मागे ताजी चकाकी दिसते का ते तपासावं. दिसली तर फट अजून थोडी मोकळी करावी.